उलट्या बाजूची चांदणी

महिनाभर सुई धरायची नाही,
असं डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं
आणि विजयमालानं काळ्या चष्म्याआडून
माझ्याकडं बघितलं.
पुतणीचे दिवस भरत आलेत,
वाकळ तयार, मधली चांदणी तेवढी राहिलीय.

चाळीस वर्षं उद्यमनगरात
मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपांची घरं, पुल्या, गुऱ्हाळाच्या चरकाची दातेरी चाकं.
सुईत दोरा मात्र आज पहिल्यांदा ओवला,
टोक थुंकीनं ओलं करून, श्वास धरून,
तिसऱ्या खेपेला.

कागद माझेच.
कपाटावर गुंडाळून ठेवलेली ड्रॉइंगं,
अमोनियाचा वास कधीच उडालेला,
निळ्या रेघा जांभळट पडलेल्या.
आठ कप्पे आखले, पंचेचाळीस अंशांचे,
तेवढं मला कुणी शिकवायला नको.
कप्प्यात तीन तुकडे, तुकड्यांना आकडे.
आकडा जसा पुढं जाईल तशी टीप.

"कापड कुठं लावलं?"
"रेघांवर."
"चुकलं. कापड पाठीमागनं लावा,
रेघ वर दिसू दे, चिंधी खाली बसू दे.
मी सांगतो तसं करा की."

म्हणजे उलटं.
उजवीकडं शिवतोय ते डावीकडं निघणार.
मला हसू आलं.
जन्मभर दुसरं काय केलं?
वाळूत जो खड्डा, तोच लोखंडाचा उंचवटा.
एकदाच विसरलो होतो, सत्त्याऐंशी साली,
डाव्या हाताच्या बावीस केसिंग उजव्या निघाल्या
आणि भंगारात गेल्या.
तिला अजून सांगितलेलं नाही.

"शिवणीला पाव इंच जादा सोडा."
"कशाला?"
"कशाला म्हणजे? सोडायचं असतं."
आम्हीही सोडायचो.
बीड थंड होताना आक्रसतं,
म्हणून फुटामागं एक सूत जास्त.
सूतच म्हणायचो त्या मापाला,
हातात सूत कधी न धरता.

शकीलाभाभींनी लक्ष्मीपुरीतून पिशवी भरून कत्तरण दिलेलं:
इरकलीचा काठ, शाळेच्या गणवेशाचा निळा,
कुणाच्या तरी साखरपुड्याचं पिस्ता रंगाचं अस्तर,
आणि पेठेच्या फुटबॉल संघाच्या जर्सीची बाही.
"जर्सी नको, ताणती ती."
मी बरं म्हटलं.
सहाव्या पाकळीला तीच लावली.
गेल्या वर्षी फायनल हरलो,
त्याचं काहीतरी व्हायला नको का?

मशीनचं चाक हातानं फिरवत
टीप इतकी बारीक घातली की
कागदाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडली.
आठ कप्पे जोडले.
मध्यावर आठ टोकं एकमेकांना भेटायची होती,
सात भेटली.
आठवं सुताभर लांब उभं,
लग्नात रुसलेल्या मामासारखं.

तिनं चष्मा काढला नाही.
तळहात फिरवला, मग एकच बोट,
पाकळी पाकळी करत.
सहाव्यावर थांबली.
"जर्सी."
मी गप्प.
"ही ताणली म्हणून तो कोपरा सरकला.
उसवा."
उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ लागतो,
हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

रात्री साडेदहाला कागद फाडायला बसलो.
टर्र, टर्र, रेघेरेघेनं सुटत गेला.
एका तुकड्यावर माझी सही निघाली,
एकावर अर्धा जॉब नंबर, साल सत्त्याऐंशी.
तो मी खिशात घातला.
मग म्हटलं, आता कशाला लपवायचा,
आणि बावीस केसिंगांचं सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "तरीच त्या दिवाळीला बोनस न्हवता."

चांदणी सुलटी करून कॉटवर पसरली.
टोकं आठही एका जागी.
मध्ये शिवणींच्या गाठीत
कागदाचा एक कपटा अडकलाय, चिमट्यानंही निघेना.
दाबलं की कुरकुरतो.
"असू दे," ती म्हणाली, "दोन धुण्यांत विरघळंल.
तंवर बाळ ऐकत झोपंल.
आणि ती जर्सीची चिंधी टाकू नका,
मागल्या बाजूला ठिगळ लावू. तिथं ताणलं तरी चालतंय."